लाइट गेली, पासवर्ड गेला

दहिवलीत पावसाळ्यात लाइट जाण्याला कुणी बातमी म्हणत नाही. राजमाचीच्या बाजूने काळोख दाटून आला की अभ्यासिकेतली मुलं आपणहून मोबाइल उजवीकडे सरकवून ठेवतात, टॉर्च पटकन लावता यावा म्हणून. त्या संध्याकाळीही लाइट गेली. टेबलावर सहा लॅपटॉप होते. त्यांच्या बॅटऱ्या केव्हाच मेलेल्या, सगळा कारभार चार्जरवर, त्यामुळे सहाही पडदे एकदम काळे झाले. दहा मिनिटांनी लाइट आली, लॅपटॉप उठले आणि खोलीतून सहा आवाज आले.

“काका, परत पासवर्ड मागतोय.”

पासवर्ड भिंतीवर होता. वहीच्या कागदावर स्केचपेनने लिहून, सेलोटेपने चिकटवलेला, सोळा अक्षरांचा. पोलिस भरतीची तयारी करणारा एक मुलगा तो मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे टाइप करायचे. “हा शून्य आहे की ओ?” “शून्य.” “मग हा?” “तो ओ.” सगळे जोडले जाईपर्यंत सहा-सात मिनिटं जायची. त्या दिवशी लाइट चार वेळा गेली.

मी तिथे गेलो होतो दुसऱ्याच कामाला. पण ही वाचनाची सामुदायिक आरती ऐकली आणि लिनक्सशी वीसेक वर्षं खेळत आलेल्या माणसाचा हात शिवशिवला. अभ्यासिका बघणाऱ्या सरांना म्हटलं, “हे आपोआप जोडलं जाईल. मी करून देतो. तासाभराचं काम आहे.”

त्या तासाभराच्या कामाला मला तीन आठवडे लागले.

आधी जागेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढे ते उपयोगी पडणार आहे. कर्जत तालुक्यात दहिवली नावाची गावं दोन आहेत. एक दहिवली तर्फे नीड, म्हणजे आमची, कर्जत शहराला चिकटलेली आणि आता नगरपरिषदेच्या हद्दीत असलेली. दुसरी दहिवली तर्फे वरेडी, नेरळच्या बाजूची. दोन्हींना उल्हास नदीचाच शेजार. सातबारावर ‘तर्फे’ वाचल्याशिवाय कुठली दहिवली ते कळत नाही. पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की मुंबईचे नातेवाईक घाबरून फोन करतात, आणि आम्ही सांगतो, “अहो, ती दहिवली वेगळी.”

आता लॅपटॉप. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर झालं आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांवर बसत नाही हेही. त्यामुळे ऑफिसांनी धडधाकट लॅपटॉप कपाटाबाहेर काढायला सुरुवात केली. इथल्याच एका माणसाच्या ऑफिसने असे सहा लॅपटॉप अभ्यासिकेला दिले, पण आतल्या हार्ड डिस्क काढून घेऊन. माहितीच्या सुरक्षेसाठी ते योग्यच. पण हार्ड डिस्क नसलेला लॅपटॉप म्हणजे उंबरठा आहे, घर आहे आणि माजघरच नाही. नव्या सहा डिस्क घ्यायला अभ्यासिकेकडे पैसे नव्हते. सरांनी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे मराठीतले लिनक्सचे पाठ पाहिलेले होते. त्यांनी कुठूनतरी एक पेनड्राइव्ह तयार करून आणला. त्यातून लिनक्स थेट सुरू होतं, यंत्रात काहीही बसवावं लागत नाही. त्याला लाइव्ह डिस्क म्हणतात. चकतीचा जमाना गेला, पेनड्राइव्ह आला, पण आमच्या तोंडी शब्द ‘डिस्क’च.

या प्रकाराशी माझी ओळख खऱ्याखुऱ्या चकतीपासूनची. क्लाउस क्नॉपर या जर्मन माणसाने २००० साली ‘नॉपिक्स’ काढलं. दोनेक जीबीचा ऐवज दाबून-चेपून ७०० एमबीच्या सीडीत बसवला होता. त्याच काळात ‘लिनक्स फॉर यू’ मासिकाबरोबर सीडी यायच्या. मग उबुंटूवाल्यांनी २००५ पासून पोस्टाने फुकट सीडी पाठवायला सुरुवात केली, २०११ पर्यंत पाठवल्या. पोस्टमन परदेशी पाकीट घेऊन दारात आला की आमच्या आईला वाटायचं, पोराला बाहेरगावी नोकरी लागली. ती सीडी कॉम्प्युटरमध्ये घालायची, बंद करून चालू करायचं, आणि विंडोजच्या केसालाही धक्का न लावता दुसरंच काहीतरी पडद्यावर उभं राहायचं. खेळून झालं की सीडी बाहेर. सकाळी वडिलांना त्यांची विंडोज जशीच्या तशी. चोरी करून हात धुऊन झोपल्यासारखं वाटायचं.

लाइव्ह डिस्कचा गुण हाच आणि खोडही हीच. ती काहीच लक्षात ठेवत नाही.

का ठेवत नाही, हे मी अभ्यासिकेत रोज पेपर वाचायला येणाऱ्या एका काकांना समजावत होतो. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, आयुष्य घाटात गेलेलं. मी सांगितलं, पेनड्राइव्हवर तीन मुख्य वस्तू असतात. एक कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. दुसरी इनिटआरडी, एक छोटीशी तात्पुरती व्यवस्था. आणि तिसरी स्क्वॉशएफएस नावाची एकच मोठी फाइल, जिच्यात अख्खी सिस्टिम दाबून भरलेली असते. कर्नल उठतो तेव्हा त्याला ही मोठी फाइल कुठे आहे, ती उघडायची कशी, काही ठाऊक नसतं. इनिटआरडी त्याच्याबरोबर मेमरीत चढते, पेनड्राइव्ह शोधते, फाइल उघडून देते, सिस्टिम रुळावर आणते आणि स्वतः बाजूला होते.

काकांनी पेपर खाली ठेवला. “म्हणजे बँकर.”

मी बघतच राहिलो. बरोबर होतं. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, कारण पुढे भोर घाटात ३७ फुटांना एक फूट असा चढ आहे. मुंबईहून येणारी गाडी कर्जतला थांबते ती मुळात त्यासाठी, दिवाडकरांच्या वड्यासाठी नाही, जरी प्रवाशांचा समज तसा असला तरी. वर पोचली की बँकर सुटतात. पुढे पुण्यापर्यंत गाडी आपली आपण जाते, आणि डब्यातल्या माणसाला मागे कोण ढकलत होतं याचा पत्ता नसतो. इनिटआरडी समजावणारी डझनभर इंग्रजी पानं मी वाचली असतील. या दोन शब्दांइतकं नेमकं मला कुठे मिळालं नव्हतं.

“मग गाडी वर पोचल्यावर विसरते कशी?” काकांचा पुढचा प्रश्न.

ती स्क्वॉशएफएसची फाइल छापील पुस्तकासारखी. वाचता येते, खोडता येत नाही. पण चालत्या सिस्टिमला तर सारखं काहीतरी लिहायचं असतं. म्हणून पुस्तकाच्या प्रत्येक पानावर एक ट्रेसिंग पेपर अंथरतात. याला ओव्हरले म्हणतात. तुम्ही जे बदलता ते ट्रेसिंग पेपरवर उमटतं. वरून बघणाऱ्याला पुस्तकच बदललंय असं वाटतं. ट्रेसिंग पेपर असतो मेमरीत, म्हणजे रॅममध्ये. लाइट गेली, रॅम पुसली, ट्रेसिंग पेपर गेला. पुस्तक कोरं करकरीत. वायफायचा पासवर्ड तुम्ही टाइप करता तो याच कागदावर.

म्हणजे पासवर्ड टिकायला हवा असेल तर तो पुस्तकातच छापायला हवा. माझं तासाभराचं काम ते हे.

काहीजण विचारतील, त्यापेक्षा पेनड्राइव्हवरच थोडी लिहिण्याची जागा का ठेवू नये? तशी सोय आहे. तिला पर्सिस्टन्स म्हणतात. डेबियन नावाच्या लिनक्सच्या लाइव्ह डिस्कवर तर फक्त एखादाच फोल्डर लक्षात ठेव, बाकी विसर, असंही सांगता येतं. ‘टेल्स’ नावाची, गुप्तता हेच व्रत असलेली सिस्टिम आहे. तीसुद्धा मागितल्यास वायफायची जोडणी तेवढी कुलूपबंद करून जपून ठेवते. पण अभ्यासिकेत पेनड्राइव्ह एक आणि लॅपटॉप सहा. सर एक युक्ती करत होते. सुरू करताना ‘टू-रॅम’ हा पर्याय दिला की सगळी सिस्टिम मेमरीत उतरते आणि पेनड्राइव्ह काढून घेता येतो. मग तोच पुढच्या लॅपटॉपला. पल्स पोलिओचे डोस पाजत फिरावं तसे सर टेबलाभोवती फिरायचे. पेनड्राइव्ह निघाल्यावर त्याच्यावर लिहिणार कोण? तेव्हा छापील पुस्तकाला इलाज नव्हता.

पहिल्या आठवड्यात मी जुन्या, हाताने करायच्या पद्धतीने गेलो. डिस्कची फाइल उघडली, आतली स्क्वॉशएफएस सोडवली, माझ्या हार्ड डिस्कवर अख्खी सिस्टिम पसरली. आत शिरून बदल करायचे, पुन्हा दाबून एक फाइल करायची, पुन्हा डिस्क बांधायची. वळकटी सोडून, आत एक रुमाल ठेवून, पुन्हा आवळून बांधण्याचा प्रकार. माझ्या जुन्या यंत्रावर आवळायलाच अर्धा तास लागे.

तो रुमाल म्हणजे वीस ओळींचीही नसलेली एक साधी मजकुराची फाइल. आजकालच्या बहुतेक लिनक्समध्ये नेटवर्कचा कारभार नेटवर्कमॅनेजर नावाचा कारभारी बघतो. ‘ईटीसी’ या फोल्डरात त्याचं दप्तर, दप्तरात ‘सिस्टिम-कनेक्शन्स’ नावाचा कप्पा, आणि त्या कप्प्यात प्रत्येक ओळखीच्या वायफायची एक फाइल. तिच्यात वायफायचं नाव, सुरक्षेचा प्रकार, पासवर्ड, आणि ‘ऑटोकनेक्ट’ हो की नाही. घरच्या लॅपटॉपवर जोडणी एकदा हाताने केली की ही फाइल आपोआप तयार होते. मी अभ्यासिकेत जाऊन माझा लॅपटॉप तिथल्या वायफायला जोडला, तयार झालेली फाइल उचलली आणि डिस्कमध्ये नेऊन ठेवली. वळकटी बांधली. पेनड्राइव्ह घेऊन ऐटीत गेलो.

लॅपटॉप उठला आणि म्हणाला, पासवर्ड?

पोरं हसली नाहीत, हे त्यांचं सौजन्य.

तीन संध्याकाळी गेल्या तेव्हा उलगडा झाला. त्या फाइलचा मालक ‘रूट’, म्हणजे सिस्टिमचा सर्वाधिकारी, असला पाहिजे आणि मालकाखेरीज कुणालाही ती वाचता येता कामा नये. लिनक्सच्या भाषेत परवानगी ६००. कॉपी करताना माझ्या फाइलची परवानगी ६४४ झाली होती, म्हणजे कुणीही वाचावी अशी. नेटवर्कमॅनेजर अशी फाइल पाहतो आणि तिच्याकडे पाठ फिरवतो. पडद्यावर चकार शब्द नाही. नोंदवहीत मात्र एक ओळ लिहून ठेवतो. ती नोंदवही मी तिसऱ्या दिवशी उघडली. रागावलो, पण कारभाऱ्याचं बरोबर होतं. ज्या कागदावर तिजोरीचा आकडा आहे तो चव्हाट्यावर पडलेला दिसला, तर तो खरा कशावरून मानायचा?

परवानगी सुधारली. पहिला लॅपटॉप जोडला गेला. दुसरा नाही. तिसराही नाही.

इथे माझा आळस नडला. घरच्या लॅपटॉपवरून उचललेल्या फाइलमध्ये माझ्या वायफाय कार्डाचं नाव आलं होतं. लिनक्स आता कार्डांना त्यांच्या आतल्या जागेवरून नावं देतं. माझं होतं डब्ल्यूएलपी-३-एस-०, आणि अभ्यासिकेतल्या एका लॅपटॉपचं योगायोगाने तेच. बाकीच्यांचं डब्ल्यूएलपी-२-एस-०. फाइल म्हणत होती, अमुक नावाच्या कार्डानेच जोड. ती ओळ काढली. आणखी एक ओळ होती, ही जोडणी फक्त माझ्या नावाच्या वापरकर्त्यासाठी आहे असं सांगणारी. लाइव्ह डिस्कवर त्या नावाचा कुणी जन्मालाच आलेला नाही. तीही काढली. दुसऱ्याच्या निमंत्रणपत्रिकेवर नाव खोडून आपली पत्रिका छापली की हे असं होतं.

मग मी शहाणा झालो आणि डेबियनच्या ‘लाइव्ह-बिल्ड’कडे वळलो. त्यात वळकटी सोडायची नसते, यादी द्यायची असते. हे हे सामान घे, या फोल्डरात ठेवलेल्या फाइली जशाच्या तशा आत ने, शेवटी परवानगी ६०० कर, आणि बांध. यादी बदलली की नवी डिस्क. मी सामान कमी करत करत डिस्क दीड जीबीच्या आत आणली, कारण चार जीबी रॅमच्या लॅपटॉपमध्ये तिला अख्खी उतरायचं होतं आणि वर ब्राउझरलाही जागा हवी होती.

मधे एक लहानसा मराठी पेच. सरांची इच्छा, वायफायचं नाव ‘दहिवली अभ्यासिका’ असं देवनागरीत हवं. का नसावं? राउटरमध्ये टाकलं तर स्वीकारेना. वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, आणि काना, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त यांचा हिशेब वेगळा धरतात. ‘दहिवली’चे झाले १८. ‘अभ्यासिका’चे २७. मधली मोकळी जागा १. एकूण ४६. म्हणजे दहिवली बसते, अभ्यासिका बसते, दोघी एकत्र बसत नाहीत. शेवटी नाव राहिलं ‘दहिवली’.

आणि मला त्या दुसऱ्या दहिवलीची आठवण झाली. वायफायच्या जगातही नाव म्हणजे ओळख नव्हे. शेजारच्या घरातही ‘दहिवली’ नावाचं वायफाय निघू शकतं, आणि लॅपटॉप नाव बघून तिथेही दार ठोठावेल. खरी ओळख असते राउटरच्या रेडिओचा बारा अंकी-अक्षरी पत्ता, तो ‘तर्फे नीड’. हवं तर फाइलमध्ये तो पत्ताही बांधून टाकता येतो. मी नाही बांधला. राउटर वीज पडून जळण्याचा दर आमच्याकडे बरा आहे, आणि नव्या राउटरचा तर्फे बदलला की पुन्हा डिस्क बांधत बसावं लागेल.

आता ज्या गोष्टीने मला खऱ्या अर्थाने अडवलं तिच्याकडे येतो.

पासवर्ड पुस्तकात छापला म्हणजे ज्याच्या हाती पुस्तक, त्याच्या हाती पासवर्ड. परवानगी ६०० असली तरी. ती चालत्या सिस्टिमवरची शिस्त. पेनड्राइव्ह खिशात घालून घरी नेला, वळकटी सोडली की रुमाल समोर. काही लोक पासवर्डाऐवजी त्यातून गणिताने काढलेली ६४ आकड्या-अक्षरांची लांबलचक किल्ली लिहितात आणि निश्चिंत होतात. ती किल्ली वायफायचं नाव आणि पासवर्ड एकत्र करून ४०९६ वेळा घुसळून निघते. तिच्यातून मूळ पासवर्ड उलटा काढणं अवघड, हे खरं. पण त्या दाराला ती किल्लीच पुरते. मूळ शब्द कशाला हवा?

भिंतीवरच्या कागदात आणि डिस्कमधल्या फाइलमध्ये मग फरक काय, असं सर म्हणाले. फरक आहे. भिंत खोलीबाहेर जात नाही.

आमच्या टापूत हा प्रश्न नुसत्या तर्काचा नाही. २००८ च्या जुलैत अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांआधी आलेल्या धमकीच्या ईमेलचा माग पोलिसांनी काढला तो नवी मुंबईत सानपाड्याला, एका अमेरिकन रहिवाशाच्या घरातल्या वायफायपाशी. त्याचा गुन्ह्याशी संबंध नव्हता, दार उघडं होतं इतकंच. पुढच्याच महिन्यात दुसरा ईमेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजच्या वायफायवरून गेला. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिस रस्त्यारस्त्यावर उघडी वायफाय शोधत फिरत होते, आणि फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने सार्वजनिक वायफायबद्दल सूचना काढल्या. आज रेल्वे स्थानकावर फुकट वायफायला जोडताना मोबाइलवर ओटीपी मागतात, त्याची मुळं या काळात आहेत. (तो ओटीपी, जाता जाता, कुठलीही डिस्क आपोआप भरू शकत नाही. तिथे माझी विद्या संपते.)

गंमत म्हणजे सानपाड्याच्या अगदी आदल्या वर्षी आमच्या रायगड जिल्ह्यात नेमकं याच्या उलट स्वप्न रंगवलं जात होतं. डोंगरातल्या खैराट-धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी प्राथमिक शाळेत २००७ च्या सुमारास हिरवे-पांढरे, रबरी कळांचे छोटे लॅपटॉप आले. निकोलस नेग्रोपॉन्टे यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चा भारतातला पहिला प्रयोग. केंद्राच्या मनुष्यबळ विकास खात्याने आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, ही कल्पना नाकारली होती. तरीही खाजगी मदतीने पहिली ते चौथीच्या त्या मूठभर पोरांपर्यंत ती पोचली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या मंडळींनीही तिथे लक्ष घातलं.

त्या एक्सओ लॅपटॉपमध्ये लिनक्सच होतं. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, आजच्या हिशेबाने कस्पट. पण वायफायच्या बाबतीत ते आमच्या सहा लॅपटॉपांच्या फार पुढे होतं. पडद्याच्या दोन बाजूंना सशाच्या कानांसारखे अँटेना. ते उभे केले की लॅपटॉप आपणहून आधी शाळेचा सर्व्हर शोधायचा, १, ६ आणि ११ या तीन चॅनलवर. नाही सापडला तर आसपासच्या दुसऱ्या एक्सओंशी थेट जाळं विणायचा. याला मेश म्हणत. पासवर्ड नाही, नाव निवडणं नाही. पडद्यावर ‘शेजार’ नावाचं दृश्य उघडायचं आणि त्यात प्रत्येक मूल आपापल्या रंगाच्या छोट्या बाहुलीसारखं दिसायचं. वायफायची चिप अशी योजलेली की लॅपटॉप झोपला तरी ती जागी राहून शेजाऱ्याचा निरोप पुढे पोचवेल.

मेश कागदावर दिसला तितका सरळ चालला नाही. एका खोलीत बरेच लॅपटॉप झाले की सगळे एकमेकांना हाका मारण्यातच दमायचे. २०१० च्या नव्या एक्सओत तो प्रकार वगळलाच. लॅपटॉपवरची ‘शुगर’ ही सिस्टिम मात्र सुटी झाली आणि २००९ मध्ये ‘शुगर ऑन अ स्टिक’ या नावाने पेनड्राइव्हवरून चालणारी लाइव्ह डिस्क म्हणून निघाली. म्हणजे फिरून आमच्याच गोष्टीत. मला त्या एक्सओच्या यशापयशापेक्षा त्यामागचं गृहीतक जास्त विचारात पाडतं. शेजारी आहे म्हणजे जोडलेलाच आहे, असं ते यंत्र धरून चाललं होतं. वर्षभरात सानपाडा घडलं, आणि त्यानंतर इथे कुणी तसं धरून चाललं नाही. मीही नाही.

म्हणून मी एक पळवाट काढली. बहुतेक राउटरांवर पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय सुरू करता येतं. त्यावरून इंटरनेट मिळतं, पण राउटरच्या कारभारात डोकावता येत नाही आणि सरांच्या ऑफिसातल्या प्रिंटरपर्यंत पोचता येत नाही. ‘दहिवली’ हे नाव त्या पाहुण्यांच्या दाराला दिलं, त्याचा पासवर्ड वेगळा केला आणि डिस्कमध्ये तोच छापला. पेनड्राइव्ह हरवला तर एवढाच पासवर्ड बदलायचा. पण बदलला तर डिस्क पुन्हा बांधायची का? तेही टाळलं. पेनड्राइव्हवर एक कोपरा असा ठेवला जो विंडोजमध्येही उघडतो. त्यात एका साध्या फाइलमध्ये नाव आणि पासवर्ड. डिस्क उठताना चार ओळींची एक स्क्रिप्ट तो कोपरा वाचते, जोडणीची फाइल मेमरीतल्या ट्रेसिंग पेपरवर लिहिते आणि परवानगी ६०० करते. कोपऱ्यात काही नसेल तर पुस्तकात छापलेलं वापरते. सरांना आता नोटपॅड उघडून दोन ओळी बदलण्यापलीकडे काही करावं लागत नाही. या स्क्रिप्टचा मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त अभिमान आहे, आणि तिच्याकडे आजवर कुणीही ढुंकून पाहिलेलं नाही.

पुढच्या अडचणी भराभर सांगतो. दोन लॅपटॉपांतला बोर्डावरचा नाण्याएवढा सेल मेलेला. लाइट गेली की त्यांचं घड्याळ दहा-पंधरा वर्षं मागे जायचं. वायफाय जोडलेलं, तरी ब्राउझर एकही साइट उघडेना. कारण वेबसाइटच्या प्रमाणपत्रावरची तारीख त्याच्या मते अजून उगवलीच नव्हती. नेट मिळाल्यावर घड्याळ नेटवरूनच सुधारतं, पण तेवढी काही सेकंदं थांबायला हवं हे पोरांना सांगावं लागलं. शेवटी नवे सेलच बसवले, स्वस्तात काम झालं.

मग फर्मवेअर. वायफायच्या चिपला सुरू होताना कंपनीने दिलेला एक छोटा बंद मजकूर पाजावा लागतो. डेबियनच्या अधिकृत डिस्कमध्ये तो बरीच वर्षं नसायचा, तत्त्व म्हणून, कारण तो मुक्त नाही. पोरं तत्त्वाने उपाशी राहायची. २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान करून तो आत घ्यायचं ठरवलं आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून तो मिळू लागला. आमचे पाच लॅपटॉप त्या मतदानाच्या जिवावर चालतात असं म्हणायला हरकत नाही. सहाव्याच्या चिपला मात्र तेवढ्याने भागत नाही, कंपनीचा अख्खा बंद ड्रायव्हर कर्नलच्या मापाने शिवून द्यावा लागतो. मी शिवला. जोडला गेला, पण आठ-दहा मिनिटांनी तुटायचा. दोनदा उसवून शिवला आणि नाद सोडला.

शेवटची खोच घाटातल्या पावसाने दाखवली. लाइट आल्यावर पहिला लॅपटॉप आणि राउटर जवळजवळ एकदमच उठतात. राउटरचा रेडिओ आधी जागा होतो, पत्ते वाटायचं काम उशिरा सुरू करतो. लॅपटॉप दार उघडं पाहून आत जातो, पत्ता मिळत नाही, परत येतो. नेटवर्कमॅनेजर असा चार वेळा प्रयत्न करतो आणि मग पाच मिनिटं रुसून बसतो. पाच मिनिटं फार नाहीत, पण ऑनलाइन सराव परीक्षा अर्ध्यात अडकलेल्या मुलीला विचारा. प्रयत्नांची संख्या शून्य लिहिली की त्याचा अर्थ होतो, थांबूच नकोस. एक शून्य टाकायला मला तिसरा आठवडा उजाडला.

ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी मी मुद्दाम जाऊन बसलो. नदीचा आवाज खोलीत ऐकू येत होता. साडेसहाला लाइट गेली. कुणी काही बोललं नाही, टॉर्च लागले. पाऊण तासाने आली. सर पेनड्राइव्ह घेऊन टेबलाभोवती फिरले, एकेक लॅपटॉप उठला, कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह फिरलं आणि स्थिर झालं. पोरांनी आपापली पानं उघडली आणि माना खाली घातल्या. रेल्वेवाल्या काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “सुटला का बँकर?” म्हणाले, आणि पुन्हा पेपरात शिरले.

भिंतीवरचा कागद तसाच आहे. त्यावरचा पासवर्ड आता कुठलंच दार उघडत नाही, पण कुणी तो काढलेला नाही. खालच्या मोकळ्या जागेत भरतीच्या धावण्याच्या वेळा लिहिल्या आहेत.

सहावा लॅपटॉप राउटरशेजारी, वायरवर आहे. मला त्याची लाज वाटायची. परवा सर सांगत होते, त्या जागेसाठी रोज सकाळी भांडण होतं. वायरवर व्हिडिओ अडकत नाही म्हणे.